मोठा पोरगा जपून खेळते अन् धाकटी अंग झोकून देते, हे जन्माच्या क्रमामुळं होते का?

नंदनवनवाले

नमस्कार मंडळी. नागपुरात नंदनवनला राहतो, दोन लेकरं आहेत, मोठा पोरगा १३ चा अन् धाकटी पोरगी ९ ची, दोघंही खो-खो खेळतात, एकाच मैदानावर अन् एकाच सरांकडे. प्रश्न थोडा लंबा आहे, पण डोक्यातून जाऊन नाही राहिला म्हणून इथं टाकतो.

पोरगी अशी खेळते की पळणारा गडी दोन हात पुढं असला तरी अंग झोकून देते, छाती मुरमावर, हात लांब, बोटं लागली तं लागली. उठते तं कोपर सोललेलं, टीशर्ट पुढून लाल अन् तोंडावर नुसता आनंद. मोठा याच्या एकदम उलट. पळते चांगला, खरं सांगू तं खेळ त्यालेच जास्त समजते, पुढचा गडी कोणत्या बाजूनं आत शिरणार हे त्याले आधीच दिसते अन् खो पण बरोबर वेळेवर देते, पण सूर मारायची वेळ आली की शेवटच्या पावलाले थबकते. गडी निसटते. मग सर ओरडतात, बाकीचे पोट्टे ओरडतात, अन् हा मान खाली घालून खांबाकडं पळत राहते.

घरी लेकरांच्या आजीचं ठरलेलं आहे, शेंडेफळ असंच असते, थोरलं लेकरू जपूनच वागणार. मैदानावर हेच, घरी येणारे पाहुणेही हेच, अन् हे सगळं दोघांच्या समोर. परवा जेवताना मी त्याले सहज म्हटलं, का रे बाबू, सूर काहून नाही मारत, तं म्हणते, "मी मोठा आहो ना बाबा, मोठे असेच राहतात." १३ वर्षांचं लेकरू स्वतःबद्दल असं ठरवून बसलं हे मले लय लागलं.

एका मित्रानं सांगितलं की अमेरिकेत यावर संशोधन झालं आहे, धाकटे भाऊ जास्त रिस्क घेतात हे सिद्ध झालं म्हणे. दुसरा म्हणते ते सगळं नंतर खोटं निघालं. तं नक्की काय आहे? अन् त्याच्याहून महत्त्वाचं म्हंजे मी काय करू, मोठ्याले ढकलू का त्याच्या पद्धतीनं खेळू देऊ, अन् धाकटीले थोडं आवरू का? ज्यांच्या घरी दोन-तीन खेळणारी लेकरं आहेत किंवा जे शिकवतात त्यांनी सांगा.

रविनगर_मानसशास्त्र

तुमच्या दोन्ही मित्रांनी अर्धं अर्धं सांगितलंय. हा विषय मी कॉलेजात शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर शेवटचा भाग तरी वाचा.

अमेरिकेतला तो अभ्यास २०१० चा, फ्रँक सलोवे आणि रिचर्ड झ्वाइगेनहाफ्ट यांचा. त्यांनी आधी झालेले २४ अभ्यास एकत्र करून पाहिलं की धोक्याचे खेळ कोण जास्त खेळतं, आणि धाकट्यांचं पारडं साधारण दीडपट जड निघालं, नेमका आकडा १.४८. मग त्यांनी बेसबॉलमधले असे सातशेच्या आसपास खेळाडू घेतले ज्यांचे भाऊही त्याच मोठ्या लीगमध्ये खेळलेत. बेसबॉलमध्ये बेस चोरणं म्हणून प्रकार असतो, समोरचा बॉल टाकत असतानाच धावणाऱ्यानं पुढच्या बेसकडे सुसाट पळायचं, फेक यायच्या आत पोचला तर कमाई, नाहीतर आऊट. आपल्या क्रिकेटमधली चोरटी धाव समजा, फक्त त्याहून जास्त उघड जुगार. तर भावांच्या जोडीत बेस चोरायचा प्रयत्न धाकटा जास्त करतो असं त्यांना दिसलं आणि आकडा आला १०.६.

हाच आकडा बातम्यांमध्ये "धाकटे दहापट धाडसी" असा फिरला आणि तिथं सगळा घोळ झाला. त्याचा अर्थ एवढाच की शंभर जोड्या घेतल्या तर नव्वदच्या वर जोड्यांत धाकटा पुढे असेल, पण किती पुढे, एका बेसनं की पन्नास बेसनं, हे त्या आकड्यात नाही. शिवाय दोघांपैकी मोठ्या लीगमध्ये आधी कोण आला हे हिशोबात कसं धरलं यावरून बेसबॉलचे आकडे चाळणाऱ्या लोकांनी त्या १०.६ वर बरेच प्रश्न उभे केले.

पुढं २०१५ मध्ये युलिया रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या २०,००० पेक्षा जास्त लोकांची माहिती तपासली. स्वभावाच्या ज्या पाच मुख्य बाजू मानसशास्त्रात मोजतात त्यांच्यावर जन्मक्रमाचा काही ठसा सापडला नाही, फक्त बुद्ध्यांकात अगदी बारीक फरक थोरल्यांच्या बाजूनं दिसला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ३,७७,००० शाळकरी मुलांचा अभ्यास आला, त्यातही फरक इतका किरकोळ की एका घरातल्या एका मुलाबद्दल त्यावरून काहीच बोलता येत नाही. आणि २०१९ मध्ये तर तोमास लेहारागा वगैरे मंडळींनी थेट रिस्क हाच विषय घेतला, लोकांना विचारून पाहिलं, प्रयोगशाळेत पैशाचे डाव खेळायला लावून पाहिलं, एवढंच काय जगातल्या नामांकित शोधप्रवासी आणि क्रांतिकारकांचे जन्मक्रम काढून पाहिले, मोठ्या वयाच्या माणसांत काही संबंध सापडला नाही.

मग घरोघरी आपल्याला असं का दिसतं? मुख्य कारण वय. तुम्ही १३ वर्षांच्या मुलाची तुलना आज ९ वर्षांच्या मुलीशी करताय. खरी तुलना तो ९ चा असताना कसा होता याच्याशी व्हायला हवी, आणि ती कुणाच्या नीट लक्षात नसते. दुसरं म्हणजे तिसरं चौथं अपत्य मोठ्या कुटुंबातच असतं, आणि मोठी कुटुंबं पैसा, जागा, शिक्षण या सगळ्यातच वेगळी असतात, ते वेगळं काढलं नाही तर क्रमाच्या नावावर भलतंच काहीतरी मोजलं जातं.

एक गोष्ट मात्र मी टाकून देणार नाही. वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये धाकटी भावंडं जास्त आढळतात असं काही अभ्यासांत दिसलंय, आणि त्याचं कारण जन्मजात स्वभावात शोधायची गरजच नाही. धाकट्याला घरातच रोज आपल्यापेक्षा मोठा, जोरात पळणारा गडी मिळतो. गल्लीत तो कच्चा लिंबू म्हणून घेतला जातो, आऊट झाला तरी आऊट नाही, मग त्यानं काहीही करून पाहावं, कोण विचारतं. हे फुकटचं सरावाचं मैदान थोरल्याला मिळालेलंच नसतं.

म्हणून मला तुमच्या मुलीच्या कोपरापेक्षा मुलाच्या त्या एका वाक्याची जास्त काळजी वाटते. "मोठे असेच राहतात" हे त्यानं घरातून आणि मैदानातून उचललंय. घरात सगळ्यांनी, आजींनीसुद्धा, मुलांसमोर ही तुलना थांबवणं हे पहिलं काम.

जामठा_नॉर्थस्टँड

ताईंनी आकडे दिले, मी खेळाडूंची नावं देतो कारण हा वाद आमच्या कट्ट्यावर पण झालाय आणि दरवेळी कुणीतरी पंड्या बंधूंचं नाव काढतं, की पहा हार्दिक धाकटा, तो कसा बिनधास्त आणि कृणाल मोठा, तो कसा मोजून मापून. बरं मग पठाण घ्या ना. युसूफ मोठा, इरफान धाकटा. ३७ बॉलमध्ये शंभर कोणी ठोकले, २०१० च्या आयपीएलमध्ये मुंबईविरुद्ध? थोरल्यानं. बरं इरफान लवकर भारताकडून खेळला, २००३ मध्ये, युसूफ २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या थेट फायनलला आला. म्हणजे इथं धाकटा आधी पोचला आणि मोठा जास्त हाणणारा, सगळंच उलटं.

न्यूझीलंडच्या मॅक्युलम बंधूंमध्ये ब्रेंडन धाकटा आणि त्यानं २००८ ला आयपीएलच्या पहिल्याच मॅचमध्ये १५८ मारले, म्हणजे हे उदाहरण पुन्हा धाकटे बिनधास्त म्हणणाऱ्यांच्या बाजूचं. अशी नावं दोन्हीकडून हवी तेवढी निघतात, आणि आपल्याला पटणारी तेवढी आपण लक्षात ठेवतो. माझं मत असं आहे की तुम्ही कोणत्या नंबरवर खेळता त्यानं रिस्क ठरते. सातव्या नंबरवर जो येतो त्याला शेवटच्या ओव्हरांत मारायलाच पाठवलेलं असतं, तो थोरला असो की मधला. ओपनरला नवा बॉल सोडावाच लागतो. घरी भाऊ किती आहेत ते बॉलला माहीत नसते.

बुद्धिबळात मात्र एक जोडी मला फार आवडते. वैशाली मोठी, प्रज्ञानंद धाकटा. बुद्धिबळ आधी तिनं सुरू केलं, हा तिच्या मागं मागं शिकला. ग्रँडमास्टर तो आधी झाला, ती नंतर, आणि बहीण-भाऊ दोघंही ग्रँडमास्टर अशी ती जगातली पहिली जोडी. हंगेरीच्या पोल्गार बहिणींमध्ये सगळ्यात धाकटी ज्युडिट, ती सगळ्यात आक्रमक, १९९१ मध्ये १५ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, सगळ्यात लहान वयात ग्रँडमास्टर व्हायचा बॉबी फिशरचा विक्रम मोडून. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखला पण मोठी बहीण आहे, आणि २०२५ ला जॉर्जियातल्या बातुमीत महिला वर्ल्डकपच्या फायनलला कोनेरू हंपीसमोर ती १९ वर्षांची पोरगी ज्या धीरानं टायब्रेक खेळली ते आम्ही ऑफिसात काम थांबवून पाहिलं. म्हणजे धाकटं असल्याचा फायदा नसतोच असं मी म्हणत नाही. पण तो फायदा मोठ्या भावंडानं आधी पटावर बसल्याचा आहे असं मला वाटते.

तिघींत_थोरली

मी तीन बहिणींत थोरली, कामठी रोडकडे वाढले, शाळेपासून कॉलेजपर्यंत कबड्डी खेळले. वरच्या सगळ्या आकड्यांमध्ये एक गोष्ट कुठंच मोजली गेली नाही म्हणून लिहितेय.

रिस्क म्हणजे काय फक्त सूर मारणं? आमच्या घरातून हाफ पँट घालून मैदानावर जाणारी पहिली मुलगी मी. बाहेरगावच्या मॅचला रात्रीच्या एसटीनं जायचं म्हणून बाबांपुढं उभी राहिलेली पहिली मी. शेजारच्या काकू आईला येऊन काय काय सुनवायच्या ते ऐकत मी प्रॅक्टिसला निघायची. दोन वर्षांनी मधली निघाली तेव्हा अर्धं भांडण संपलेलं होतं, धाकटी निघाली तेव्हा तर आईनं तिला स्वतः बूट घेऊन दिले. मग मैदानावर धाकटी एकदम बेधडक, चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा धरायला अशी सूर मारायची की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, आणि मी बचावाच्या फळीत कव्हरला उभी, साखळी धरून, वेळ पाहून. लोक म्हणायचे थोरली घाबरते. थोरलीनं जे करायचं ते मैदानाच्या बाहेर करून टाकलं होतं हो.

गीता फोगट घरातली मोठी. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला कुस्तीत सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ती, ऑलिंपिकला पात्र झालेली पहिली भारतीय महिला पैलवानही तीच. बबिता आणि बाकीच्या बहिणी त्याच वाटेनं पुढं गेल्या. तिच्या गावात मुलींनी मातीत उतरणं हीच केवढी मोठी रिस्क होती, आणि ती पहिल्या मुलीनं घेतली. वर वैशालीचं उदाहरण आलंय, तेही मला असंच दिसतं.

आणि दुसरं, हे दादा तुमच्यासाठी. मला लागलं तर घरी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार हा प्रश्न प्रत्येक मॅचच्या आधी विचारला जायचा. बहिणींना कधीच नाही. तुम्ही जरा पाहा, तुमचा मुलगा मैदानावर जाताना बहिणीला सायकलवर डबलसीट घेऊन जातो का, तिची पाण्याची बाटली कोण सांभाळतं, तिला लागलं तर पहिली हाक कुणाला जाते, "तिच्याकडं लक्ष दे रे" हे वाक्य रोज निघताना त्याला कोण ऐकवतं. तो तिथं खेळायला जातो की राखणीला? ज्याच्यावर दुसऱ्याला सुखरूप घरी आणायचं असतं तो स्वतःचं अंग झोकून देत नाही, कोणत्याही वयात देत नाही. शक्य असेल तर दोघांच्या वेळा वेगळ्या करा. निदान महिनाभर तरी तिला तुम्ही सोडा आणि आणा.

मातीतला_माणूस

राजेहो, मी खो-खो शिकवतो, पोट्टे-पोट्ट्या दोघंही, तं माह्या डोळ्यासमोर जे रोज होते ते सांगतो. अभ्यास-बिभ्यास ताईंनी सांगितला, बेस्ट सांगितला.

पहिली गोष्ट समजून घ्या, ९ वर्षांची पोरगी सूर मारते तवा ती पडते किती उंचीवरून? कंबरच जमिनीपासून एवढीशी, वजन बावीस-पंचवीस किलो, घसरली की उठली. १३ चा पोरगा एका वर्षात चार बोटं उंच होते, वजन वाढते, हातपाय लांब होतात अन् त्याचे त्यालेच झेपत नाहीत. कालपर्यंत जिथं हात टेकत होता तिथं आता टेकत नाही. या वयात माह्याकडचे चांगले चांगले धाडसी पोट्टे वर्षभर बिचकतात, अन् मग सतरा-अठराचे होतपर्यंत पुन्हा खुलतात. तं तुमच्या पोराचं "थबकणं" अर्धं वाढीचं असू शकते. अन् गटाचंही पाहा, ती आपल्या वयाच्या लेकरांत खेळून राहिली, हा १४ खालच्या गटात मिशा फुटलेल्या पोट्ट्यांसोबत.

दुसरं, खो-खोत सूर म्हंजे हिंमत नाही, हिशोब आहे. पाठलाग करणाऱ्यानं एकदा दिशा घेतली की खांब ओलांडल्याशिवाय मागं फिरता येत नाही, पळणारा मात्र दोन बसलेल्यांच्या मधून कुठूनही निघून जाते. तुम्ही झोकून देल्लं अन् बोट लागलं नाही, तं तुम्ही जमिनीवर, गडी पुढच्या चौकोनात, अन् उठून पुढच्याले खो देईपर्यंत पळणाऱ्याले श्वास घ्यायले वेळ भेटून जाते. म्हणून जो दर दोन मिनिटाले सूर मारते त्याले मी डेरिंगबाज नाही म्हणत, त्याले मी विचारतो की काहून मारला. धाकटीच्या सुरातून गडी बाद किती होतात ते मोजजा. दहातले दोन होत असतील तं तिले सांगा, बेटा अजून एक पाऊल पळ, मग मार. तिले आवरायची गरज नाही, तिले पाऊल मोजायले शिकवा, मजा तिची तीच राहते.

अन् पोराचं. तुम्ही सांगता त्याले गडी कुठून वळणार हे आधी दिसते अन् खो वेळेवर देते. भाऊ, असा पोरगा मले द्या! ही गोष्ट शिकवून येत नाही. सूर शिकवता येतो. मी असा शिकवतो, आधी गुडघ्यावर बसवून, मैदानाचा एक पट्टा खोदून, पाणी मारून भुसभुशीत केलेला असते किंवा मॅट असली तं मॅटवर. हनुवटी वर, नजर गड्याच्या कंबरेवर, तळहात आधी टेकते अन् पुढं घसरते, मग छाती अन् पोट एकदमच. कोपर पहिले टेकलं तं सोलते, मनगट ताठ टेकलं तं मोडते. गुडघ्यावरून जमलं की उकिडवं, मग उभ्यानं एक पाऊल घेऊन, मग दोन, अन् पळत पळत सगळ्यात शेवटी. कोणी बघे नाही, टाळ्या नाही, बहीण तं अजिबात नाही. बहुतेक पोट्ट्यांचं भय मुरमाचं नसते, चुकलो तं हसतील याचं असते. तुमचे सर ओरडतात असं लिहिलं, मी त्यांना ओळखत नाही, पण थबकलेल्या पोराले ओरडून आजपर्यंत कोणी सूर मारला नाही एवढं मी सांगू शकतो.

नंदनवनवाले

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहिन असं वाटलं नव्हतं. थोरली ताई, तुम्ही विचारलं ते सगळं तसंच आहे, सायकलवर डबलसीट तोच आणते, बाटली तोच भरते, तिचे बूट पण तोच बांधून देते अन् निघताना आई अन् आजी दोघीही दरवाजातून "बहिणीकडं पाहजो" म्हणतात. उद्यापासून तिले मी सोडणार, ऑफिसची वेळ थोडी मागंपुढं होते पण करतो. आजीशी पण बोललो, तिनं ऐकून घेतलं, म्हणे आता नातवासमोर नाही बोलत.

सर, अजून एक विचारतो. काल रात्री त्याच्यासोबत गच्चीवर बसलो होतो, सहज विचारलं की सूर मारताना नेमकं काय वाटते. आधी काही बोलला नाही, मग म्हणे हसतात ना सगळे. अन् मग म्हणे गुडघा पण दुखते, डावा, वाटीच्या खाली, पळून आलं की जास्त. हात लावून दाखवलं तं तिथं थोडं टेंगूळ आल्यासारखं आहे. कोणाले सांगितलं काहून नाही विचारलं तं म्हणे बहाणा करते म्हणतील. हे वाढीचं असते का काही वेगळं?

धंतोली_फिजिओ

दादा, इथं बसून निदान करता येत नाही, ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरला, एकदा दाखवाच. पण १२ ते १५ च्या पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाला जिथं मांडीच्या स्नायूचा दोर येऊन चिकटतो तिथं दुखणं आणि टेंगूळ येणं खूप नेहमीचं आहे. ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. हाड भराभर वाढत असतं, तिथला वाढीचा भाग अजून कच्चा असतो आणि मांडीचा स्नायू प्रत्येक उडीला त्याला ओढतो. मुलींमध्ये हे थोडं लवकरच्या वयात दिसतं, त्यामुळं धाकटीच्या बाबतीतही दोन-तीन वर्षांनी लक्षात ठेवा. घाबरायचं कारण सहसा नसतं, वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं, टेंगूळ कधी कधी राहतं.

तोपर्यंत दुखेल तेवढं कमी खेळायचं, खेळून आल्यावर दहा-पंधरा मिनिटं बर्फ, थेट कातडीवर नाही, फडक्यात गुंडाळून. मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंचं स्ट्रेचिंग रोज. गुडघे टेकून सराव सध्या नको, सरांनी वर गुडघ्यावरून सुरुवात सांगितली ती अशा मुलासाठी बदलावी लागेल. लंगडत असेल, रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखत असेल किंवा गुडघा सुजून गरम लागत असेल तर वाट न पाहता दाखवा.

आणि त्यानं तुम्हाला सांगितलं ही फार चांगली गोष्ट झाली. माझ्याकडं येणारी निम्मी मुलं बहाणा समजतील म्हणून महिनोन् महिने तसंच खेळत राहिलेली असतात.

रविनगर_मानसशास्त्र

हे वाचून फार बरं वाटलं. एकच जोडते. आता "अरे तुझा गुडघा दुखत होता म्हणून तू घाबरत होतास" असंही त्याला चिकटवू नका, तेही एक लेबलच होईल. दुखणं आहे ते बरं करायचं, हसणाऱ्यांचं सरांशी बोलायचं, आणि सूर कधी मारायचा ते त्याला ठरवू द्यायचं.

मातीतला_माणूस

फिजिओ ताईंचं बरोबर आहे, गुडघा दुखते तं गुडघ्यावरून नाही घ्यायचं. अशा पोट्ट्याले मी उंच गादीवर पालथं झोपवतो, कंबरेपासून वरचा भाग गादीच्या बाहेर, अन् फक्त हात टेकून पुढं घसरायचं करून घेतो, गुडघ्यावर काहीच भार नाही येत. डॉक्टरनं पळायची परवानगी देईपर्यंत त्याले बसवून ठेवू नका मात्र, नाहीतं मैदानापासून तुटते. खो देण्याचा सराव बसल्या जागी होते. अन् सरांना म्हणा त्याले कडेला उभं करून पळणाऱ्यांच्या जोड्या पाहायले लावा, कोण कोणत्या बाजूनं वळते, कोण दमल्यावर खांबाकडं सरकते ते वहीत लिहायले सांगा. मॅचच्या आदल्या दिवशी मी माह्या टीममधल्या असल्याच एका पोराची वही सगळ्यांना वाचून दाखवतो.

डॉक्टरनं काय सांगितलं ते इथं टाकजा.